टिबल्ट परत येतो तेव्हा : ‘रोमिओ अँड जुलिएट’मधल्या कलाटणीचं प्रकरण

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश सुरू होतो तेव्हा नाटक अजून सुखान्तिकेच्या वाटेवर आहे. रोमिओचं माँटेग्यू आणि जुलिएटचं कॅप्युलेट या दोन घराण्यांचं वैर जुनं आहे, पण रंगमंचावर अजून कुणी मेलेलं नाही. मुखवट्यांचा नाच झाला, बागेतली रात्र झाली, वाचाळ दाई हशा घेऊन गेली आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी धर्मगुरू लॉरेन्सनं दोघांना लग्नासाठी आत नेलं. शेक्सपिअरच्या सुखान्तिका साधारण लग्नापाशी संपतात; इथे ते मध्यावरच उरकलंय. पुढच्या जेमतेम २०० ओळींत दोन तरुण मरतात आणि नवरदेव हद्दपार होतो.

नाटक इथे फिरतं यावर फारसा वाद नाही. जर्मन लेखक फ्रायटागनं १८६३ मध्ये पाच अंकी नाटकाचा त्रिकोणी आराखडा मांडला, त्यातही शिखर तिसऱ्या अंकातच येतं. (या नाटकाच्या सुरुवातीच्या क्वार्टो, म्हणजे लहान आकाराच्या सुट्या, छापांत अंकांची विभागणीच नाही, ती नंतरच्या संपादकांनी केली, त्यामुळे या जुळण्याला फार भाव देऊ नये.) वाद आहे तो नेमक्या ओळीबद्दल. ‘रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मरतो तिथे’ हे नेहमीचं उत्तर. संहिता ओळीओळीनं पाहिली की ते थोडं चुकीचं ठरतं. मर्क्युशिओचा मृत्यू अपघात आहे. खरी कलाटणी त्यानंतर, त्याला मारणारा टिबल्ट चौकात परत येतो तेव्हा बसते, आणि तिची तयारी त्याच्याही आधीच्या सात-आठ ओळींत झालेली असते.

सोमवार दुपारपर्यंतचा हिशेब

नाटकाचा सगळा काळ रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढाच आहे. महिना जुलै: जुलिएटचा वाढदिवस जुलैच्या अखेरच्या रात्री येतो आणि त्याला पंधरवड्याहून थोडे जास्त दिवस उरलेत, असं पहिल्याच अंकात कळतं. तिला चौदावं अजून पुरं व्हायचंय.

रविवारी सकाळी नोकरांची मारामारी होते आणि व्हेरोनाचा अधिपती एस्कलस जाहीर करतो की पुन्हा रस्त्यात शांतता मोडली तर देहदंड. त्याच रात्री कॅप्युलेटकडच्या मेजवानीत टिबल्ट रोमिओला आवाजावरून ओळखतो आणि तलवार मागवतो. कॅप्युलेट त्याला चारचौघांत दटावतो. टिबल्ट हा जुलिएटच्या आईच्या भावाचा मुलगा, म्हणजे जुलिएटचा मामेभाऊ. कॅप्युलेट त्याच्या आत्याचा नवरा. आत्याच्या घरी, तिच्या नवऱ्याकडून, पाहुण्यांच्या देखत ‘पोरा’ म्हणवून घेतलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी चौकात उतरतो आणि रोमिओला नेमकं तेच म्हणतो: ‘पोरा’. घरात गिळलेला अपमान तो रस्त्यावर दुसऱ्याच्या माथी मारतो. टिबल्ट करणाऱ्या नटाला भूमिकेची किल्ली हवी असेल तर ती या एका शब्दात आहे.

सोमवारी सकाळी टिबल्टनं माँटेग्यूच्या घरी लेखी आव्हान धाडलेलं आहे. रोमिओ रात्रभर घरी नव्हता. मर्क्युशिओ आणि रोमिओचा नातलग बेनव्होलिओ यांना पत्राची खबर आहे, दोघं त्यावर बोलतातही. मग रोमिओ येतो, कोट्यांची जुगलबंदी रंगते, दाई निरोपासाठी येते, आणि पत्राचा विषय कुणीच काढत नाही. ते पत्र रोमिओच्या हाती पडल्याचं संहितेत कुठेही नाही. वाचताना हा तपशील सहज निसटतो, पण चौकातल्या गोंधळाचं अर्धं मूळ त्यात आहे.

चौकात कुणाला काय ठाऊक होतं

लग्न ठाऊक आहे रोमिओ, जुलिएट, लॉरेन्स आणि दाई यांना. यांतला चौकात हजर आहे फक्त रोमिओ. टिबल्टच्या लेखी रोमिओ आगंतुक म्हणून मेजवानीत घुसलेला शत्रू. लेखी आव्हानाला उत्तर न देणारा भित्रासुद्धा. मर्क्युशिओच्या लेखी रोमिओ अजून रोझलाइनसाठी, म्हणजे जुलिएटच्या आधी जिच्यावर त्याचं मन होतं तिच्यासाठी, झुरतोय. जुलिएटचं नावही त्यानं ऐकलेलं नाही, आणि ते न ऐकताच तो मरतो. बेनव्होलिओला एवढंच कळतं की ऊन कडक आहे, कॅप्युलेटची माणसं बाहेर हिंडताहेत आणि गाठ पडली तर मारामारी टळायची नाही. प्रवेशाच्या पहिल्या तीन-चार ओळींत तो हे सांगूनही टाकतो. मर्क्युशिओ उलट त्यालाच भांडखोर ठरवतो: कुणी रस्त्यात खोकला आणि तुझा उन्हात झोपलेला कुत्रा जागा झाला म्हणून तू भांडलास, वगैरे. बेनव्होलिओ तसा नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. मर्क्युशिओ स्वतःचंच वर्णन करतोय, तेही मरणाच्या काही मिनिटं आधी.

प्रेक्षकाला मात्र सगळं ठाऊक आहे, आणि प्रवेशातला ताण त्यातूनच येतो. भांडण थांबवणारी एकच गोष्ट आहे, ती एकाच माणसाकडे आहे आणि तो ती उच्चारू शकत नाही.

घाव

टिबल्ट येतो तो सभ्यपणे: तुमच्यापैकी एकाशी दोन शब्द बोलायचेत. नुसते शब्द कशाला, जोडीला एखादा घावही असू दे, असं म्हणून भांडण उकरतो तो मर्क्युशिओ. बेनव्होलिओ तीन पर्याय ठेवतो: आडोशाला चला, थंड डोक्यानं बोला, नाहीतर निघून जा. इतक्यात रोमिओ येतो आणि टिबल्ट मर्क्युशिओला सोडून त्याच्याकडे वळतो.

रोमिओला शिवी बसते: ‘व्हिलन’. मूळ शब्दाचा आजचा अर्थ घेऊन काही जण तिथे ‘खलनायक’ लिहितात. ते साफ चूक आहे. त्या काळी त्या शब्दात दुष्टपणाइतकाच हलक्या कुळाचा वास होता. मराठीत ‘नीच’ दोन्ही पेलतो. कुळाचा हा अपमान ज्याला होतोय तो तासाभरापूर्वी अपमान करणाऱ्याच्याच कुळाचा जावई झालाय. म्हणून रोमिओचं उत्तर दुहेरी आहे: तुझ्यावर प्रेम करायला माझ्याकडे जे कारण आहे, त्यामुळे या अभिवादनावर यायला हवा तो राग मी गिळतो, तू मला ओळखत नाहीस. पुढे तो म्हणतो की कॅप्युलेट हे नाव मला माझ्या नावाइतकंच प्रिय आहे. प्रेक्षकाला यात लग्न ऐकू येतं. टिबल्टला टिंगल ऐकू येते. मर्क्युशिओला शरणागती ऐकू येते, तीही निर्लज्ज. खरं बोलून खोटं ऐकवणारं यापेक्षा नेमकं भाषण या नाटकात नाही.

मर्क्युशिओ तलवार उपसतो. त्याची चीड निव्वळ मित्राच्या अब्रूसाठी नाही. इटालियन पद्धतीच्या तलवारबाजीवर त्याचा आधीपासून दात आहे. टिबल्ट गणिताच्या पुस्तकावरून लढतो, अशी त्याची तक्रार. ही चेष्टा त्या काळच्या लंडनला ताजी होती: इटालियन तलवारबाज सॅव्हिओलोचं इंग्रजी पुस्तक तिथे १५९५ मध्ये छापून आलं होतं.

रोमिओ दोघांना अधिपतीच्या हुकमाची आठवण देत मध्ये शिरतो. त्याच्या हाताखालून टिबल्टचं पातं मर्क्युशिओत जातं आणि टिबल्ट पळतो. ‘हाताखालून’ हा तपशील १५९७ च्या पहिल्या क्वार्टोतल्या रंगसूचनेत आहे. तो छाप एकंदरीत मोडकातोडका मानला जातो, पण अशा सूचना प्रत्यक्ष प्रयोगाच्या आठवणीतून आल्या असाव्यात, म्हणून संपादक त्या घेतात. शिवाय मर्क्युशिओ स्वतःच विचारतो: मध्ये कशाला आलास? तुझ्या हाताखालून मला लागलं. रोमिओचं उत्तर मोजक्या शब्दांचं आहे. मला वाटलं, भलंच होईल.

रेपियर ही भोसकण्याची तलवार, लांब आणि अरुंद. बाहेर जखम लहान दिसते, आत खोल गेलेली असते. रोमिओ ‘फार नसेल लागलं’ म्हणतो ते भाबडेपणानं नाही. वरून तसंच दिसतं. मर्क्युशिओही आधी ओरखडा म्हणतो, मग विहिरीइतका खोल नाही, चर्चच्या दाराएवढा रुंद नाही, पण पुरेसा आहे, म्हणतो. पुढची कोटी मूळ भाषेत ‘ग्रेव्ह’ शब्दाच्या ‘गंभीर’ आणि ‘थडगं’ या अर्थांवर आहे. ती शब्दशः आणायला जाऊ नये. ‘उद्या माझी चौकशी कर, माझ्याइतका थंड माणूस गावात सापडायचा नाही’ असं केलं तर मस्करी राहते, प्रेतही राहतं, आणि बेनव्होलिओनं सुरुवातीला काढलेल्या उन्हाच्या विषयालाही धागा लागतो.

‘तुमच्या दोन्ही घरांना मरी येवो’ हा शाप तो तीनदा देतो. १५९२ ते १५९४ या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बहुतेक वेळ बंदच होती. ऐकणाऱ्यांना हा अलंकार वाटला नसणार.

सात-आठ ओळी

मर्क्युशिओ रंगमंचावर मरत नाही. मला कुठल्यातरी घरात ने, नाहीतर घेरी येईल, असं तो बेनव्होलिओला सांगतो आणि दोघं आत जातात. रोमिओ एकटा उरतो. या एकटेपणातलं त्याचं भाषण सात-आठ ओळींचं, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच ठरतं.

क्रम पाहा. आधी: हा गृहस्थ, अधिपतीचा जवळचा नातलग, माझा जिवलग, माझ्यापायी जखमी झाला. मग: टिबल्टच्या शिवीनं माझ्या नावाला बट्टा लागला. मग: तोच टिबल्ट, तासाभरापूर्वी माझा मेहुणा झालेला. आणि शेवटी: गोड जुलिएट, तुझ्या रूपानं मला बायल्या केलं, माझ्या पोलादाची धार बोथट केली.

मर्क्युशिओ मेल्याची बातमी अजून आलेली नाही. ती आणत बेनव्होलिओ यानंतर येतो. म्हणजे रोमिओचं मन मरणानं फिरलेलं नाही, ते आधीच फिरलं. मघाशी टिबल्टसमोर ज्या प्रेमानं त्याला आवरलं, त्याचाच तो आता कमजोरी म्हणून हिशेब मांडतो. चौकाची भाषा, टिबल्टची भाषा त्याच्या तोंडी आली. मरणाच्या बातमीनं फक्त निमित्त दिलं.

आणि मग टिबल्ट परत येतो. का येतो, हे संहिता सांगत नाही. पळालेला माणूस अधिपतीचा हुकूम डोक्यावर असताना गुन्ह्याच्या जागी परततो याला कारण हवं, पण ते शोधायचं काम शेक्सपिअरनं नटावर सोडलं आहे. रोमिओ म्हणतो: सौम्यपणा, जा स्वर्गात, आता डोळ्यांत आग घेतलेला संताप मला वाट दाखवेल. मर्क्युशिओचा आत्मा अजून आपल्या डोक्यावरच घोटाळतोय, सोबतीला तू जा, मी जातो, नाहीतर दोघंही जाऊ. टिबल्ट पडतो. बेनव्होलिओ ओरडतो, असा दगडासारखा उभा राहू नकोस, पळ, पकडला गेलास तर मरशील. रोमिओ म्हणतो, मी नशिबाच्या हातचं खेळणं आहे.

नशीब हा रोमिओचा युक्तिवाद आहे. नाटकानं तो जसाच्या तसा मान्य केलाय असं नाही. विचार करायला रोमिओला त्या भाषणाइतका वेळ नाटकानं दिला होता. सगळ्यात बोलका पुरावा बेनव्होलिओच्या साक्षीत आहे. अधिपतीसमोर तो मर्क्युशिओनं काढलेली कुरापत सरळ गाळतो आणि सगळी आगळीक टिबल्टवर ढकलतो. कॅप्युलेटची बायको ओरडते की हा माँटेग्यूचा माणूस, खोटं बोलतोय, एका टिबल्टवर वीस जण तुटून पडले होते. वीस ही थाप. पण बेनव्होलिओ पक्षपाती आहे हा तिचा आरोप खरा आहे. मात्र हा पक्षपाती साक्षीदारही, रोमिओनं स्वतःच्या बचावासाठी तलवार उचलली, असं म्हणत नाही. रोमिओच्या मनात तेव्हा नुकताच सूड आला होता, एवढं तो कबूल करतो.

एकेक खिळा काढून पाहिला तर

गुप्त लग्न काढून टाका. रोमिओ पहिल्या शिवीलाच तलवार काढतो. मर्क्युशिओनं तोंड मिटलं तर रोमिओ निघून जातो आणि आव्हान दुसऱ्या दिवसावर पडतं. रोमिओ मध्ये पडला नसता तर दोघा तरबेजांतलं कोण वाचलं असतं ते सांगता येत नाही. या तिन्ही बदलांनी घटना पुढेमागे होतात, पण रोमिओ व्हेरोनातून जाईलच असं नाही.

आता शेवटचा खिळा काढा. टिबल्ट परतला आणि रोमिओनं हात आवरला. टिबल्टनं अधिपतीच्याच नातलगाला मारलंय, हुकूम मोडून. त्याचा जीव कायद्यानं जाणार. हा तर्क आपला नाही. निकालाच्या वेळी माँटेग्यू हेच म्हणतो, की माझ्या मुलानं जे केलं ते कायदा करणारच होता. (१५९९ च्या क्वार्टोत ही ओळ चुकून कॅप्युलेटच्या तोंडी छापली गेलीय, अर्थ पाहता ती माँटेग्यूचीच असणार.) अधिपती त्याच तर्कावर देहदंडाची हद्दपारी करतो आणि दोन्ही घरांना जबर दंड ठोठावतो.

या खिळ्यावर पुढचं सगळं टांगलेलं आहे. हद्दपारी आहे म्हणून पहाटे ताटातूट. टिबल्ट मेला म्हणून जुलिएटच्या रडण्याचा घरच्यांनी लावलेला अर्थ चुकतो. रविवारी कॅप्युलेटनं जुलिएटला मागणी घालणाऱ्या पॅरिसला अजून दोन उन्हाळे थांब म्हटलं होतं. सोमवारी रात्री तो गुरुवारचं लग्न ठरवतो आणि मंगळवारी तेही बुधवारवर आणतो. म्हणून जुलिएटला मेल्यासारखं दाखवणारं ४२ तासांचं गुंगीचं औषध. हद्दपार रोमिओ मँटुआ गावात आहे म्हणून त्याला हा बेत कळवणारं पत्र. पत्र नेणारा धर्मबंधू जॉन साथीच्या संशयानं घरात कोंडला जातो, दारं मोहोरबंद. मर्क्युशिओनं मागितलेली मरी अखेर नाटकात येते ती या एका बंद दारातून.

शेक्सपिअरनं हे यंत्र मुद्दाम जोडलंय, हे त्याच्या आधाराशी ताडून पाहिलं की स्पष्ट दिसतं. आर्थर ब्रूकच्या १५६२ च्या दीर्घ काव्यात ही गोष्ट महिनोन्‌महिने चालते. लग्नानंतर बऱ्याच काळानं, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दंगल होते. रोमिओ शांतता करायला जातो, टिबल्ट थेट त्याच्यावरच वार करतो आणि रोमिओ त्याला मारतो. मर्क्युशिओ तिथे मेजवानीत क्षणभर दिसतो, थंड हातांचा माणूस म्हणून, बस्स. म्हणजे ब्रूकचा रोमिओ जवळजवळ निर्दोष आहे. शेक्सपिअरनं मर्क्युशिओला दोन अंक भरून जिवंत केलं, त्याला टिबल्ट आणि रोमिओच्या मध्ये उभं केलं, आणि वार रोमिओवरून त्याच्याकडे वळवला. त्यामुळे रोमिओच्या वाट्याला बचाव न येता निवड आली. मर्क्युशिओला तिसऱ्या अंकात मारलं नसतं तर त्यानंच मला मारलं असतं, असं शेक्सपिअर म्हणाल्याची दंतकथा इंग्रज कवी ड्रायडननं १६७२ मध्ये नोंदवलीय. चटकदार आहे. पण मर्क्युशिओ डोईजड झाला म्हणून मेला, यापेक्षा तो मरण्यासाठीच मोठा केला गेला, हे संहितेशी जास्त जुळतं.

उभं करताना कुठे बिघडतं

सर्रास होणारी चूक म्हणजे मर्क्युशिओ–टिबल्ट झुंज पहिल्या क्षणापासून जीवघेणी करणं. मग रोमिओचा हात निरर्थक ठरतो. कुणीतरी मरणारच होतं. पहिली झुंज खेळकर ठेवावी, दोघांनाही आपलं कसब दाखवायचंय अशी. घाव नेमका कधी बसला हे भोवतालच्यांना कळू नये, आणि त्यांचं हसू मर्क्युशिओच्या दुसऱ्या शापापर्यंत टिकावं. दुसरी झुंज याच्या उलट: आखूड, बेढब, एकही कोटी नाही. दोन्ही झुंजी सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच देखण्या बसवल्या की प्रेक्षक तलवारबाजी पाहतो, फरक पाहत नाही.

हाताची जागा तालमीत आधी ठरवावी आणि बाकीची हालचाल त्याभोवती बांधावी. रोमिओचं तोंड मर्क्युशिओकडे, पाठ टिबल्टकडे. मित्राला आवरताना शत्रूकडे पाठ, हे चित्र शब्दांशिवाय सगळं सांगतं. तो टिबल्टला आवरतोय असं बसवलं तर पात्याला वाट राहत नाही आणि टिबल्ट नुसता दगाबाज दिसतो.

एकट्या रोमिओच्या त्या ओळी काही प्रयोगांत काटल्या जातात, वेग जातो म्हणून. त्या काटल्या की रोमिओ बातमी ऐकतो आणि भडकतो, एवढंच उरतं. बेनव्होलिओची लांब साक्षही अशीच कात्रीखाली जाते. ती निम्मी केली तरी चालते, पण दोन जागा ठेवाव्यात: मर्क्युशिओचा दोष गाळणं आणि सूडाची कबुली.

मध्यंतर बहुतेक वेळा इथेच घेतात, अधिपतीच्या निकालावर. सोयीचं आहे, टाळ्याही मिळतात. पण पुढचा प्रवेश जुलिएटचा आहे. ती एकटी आहे, तिला काहीच ठाऊक नाही, आणि सूर्याच्या घोड्यांनी भरधाव पळावं, रात्र लवकर यावी म्हणून ती आर्जव करतेय. हे भाषण पंधरा-वीस मिनिटांच्या चहानंतर ऐकलं तर सुंदर काव्य वाटतं. त्याच दमात, चौकातलं रक्त पुसायच्या आत ती येऊन उभी राहिली, तर प्रेक्षकाला तिला थांबवावंसं वाटतं. मध्यंतर दाई दोरांची शिडी घेऊन येते त्याच्यानंतर घ्यावं.